मस्तिष्क-आघात आणि वनस्पतिज द्रव्ये

डोक्यावर जोराचा आघात झाल्याने मेंदूच्या रचनेत किंवा कार्यात जो बिघाड होतो, त्यास मस्तिष्क-आघात म्हणतात. उंचावरून पडणे, वाहनांचे अपघात, मारहाण व युद्धातील जखमा ही त्याची प्रमुख कारणे होत. अशा आघातावर गुणकारी ठरेल असे द्रव्य वनस्पतींपासून मिळविण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालू आहेत. हळद, ब्राह्मी, भांग, रानकंद यांसारख्या परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या वनस्पतींची नावे या संदर्भात पुढे आलेली आहेत. या प्रयत्नांचा इतिहास पाहता दोन गोष्टी ठळकपणे जाणवतात. प्रयोगशाळेत आशादायक ठरलेली अनेक द्रव्ये रुग्णशय्येपाशी निष्फळ ठरली. आणि मूळ वनस्पतिज असलेले जे एक द्रव्य जगभरच्या रुग्णालयांत वापरात आले, ते जखमी कोशिका बऱ्या करते म्हणून नव्हे, तर मेंदूतील पाणी कमी करते म्हणून आले.

प्राचीन उल्लेख : डोक्याच्या जखमांचे सर्वांत जुने पद्धतशीर वर्णन ईजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्ये आढळते. ही प्रत इ. स. पू. सु. १६०० मधील असून तीतील मजकूर त्याहूनही जुना असावा, असे मानतात. १८६२ मध्ये ती लक्सर येथे एडविन स्मिथ यांच्या हाती आली व १९३० मध्ये जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी तिचे भाषांतर प्रसिद्ध केले. तीत वर्णिलेल्या ४८ रुग्णांपैकी २७ डोक्याच्या जखमांचे आहेत. प्रत्येक जखमेविषयी ती उपचार करण्याजोगी, झुंज देण्याजोगी की उपचारापलीकडची, हे आधी ठरविलेले आहे. सांगितलेले उपचार—ताजे मांस, चरबी, मध आणि वनस्पतितंतूंच्या पट्ट्या—मुख्यतः बाहेरच्या जखमेसाठी आहेत.

भारतीय वैद्यकात डोक्याला मर्मस्थान मानलेले आहे. चरकसंहितेने हृदय, बस्ती व शिर ही तीन प्रमुख मर्मे मानली. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या १०७ मर्मांपैकी शंख व अधिपती यांसारखी डोक्यावरील मर्मे तत्काळ प्राणहारक गटात घातलेली आहेत. मंडूकपर्णी, यष्टिमधू (ज्येष्ठमध), गुडूची (गुळवेल) व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने, म्हणजे बुद्धी व स्मृती यांना पोषक द्रव्ये, चरकसंहितेने सांगितली आहेत. पण ती रसायन प्रकरणात येतात, मर्माघाताच्या प्रकरणात नव्हे. जी वनस्पती बुद्धिवर्धक ती मेंदूच्या जखमेवरही उपयोगी पडेल, ही जोड प्राधान्याने आधुनिक काळातील आहे. पुढील विवेचनात हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आघातासंबंधीची आधुनिक कल्पना : आघाताच्या क्षणी होणारी इजा व त्यानंतर काही तास ते काही दिवस वाढत जाणारी इजा असे मस्तिष्क-आघाताचे दोन भाग मानले जातात. पहिल्या भागात तंत्रिका कोशिकांचे तंतू ताणले किंवा तुटले जातात व रक्तवाहिन्या फुटतात. ही हानी औषधाने भरून काढता येत नाही. दुसऱ्या भागात जखमी कोशिकांमधून ग्लुटामेट हे द्रव्य वाजवीपेक्षा अधिक प्रमाणात बाहेर पडते, त्यामुळे शेजारच्या कोशिकांत कॅल्शियम शिरते, अतिक्रियाशील मुक्त मूलके निर्माण होऊन कोशिकापटलांचे ऑक्सिडीकरण होते, दाह सुरू होतो आणि मेंदूला सूज येते. कवटी हाडांची बंद पेटी असल्याने सुजलेल्या मेंदूला पसरण्यास जागा नसते. आतील दाब वाढतो, रक्तपुरवठा घटतो आणि आरंभी वाचलेल्या कोशिकाही मरू लागतात. औषधाला वाव आहे तो या दुसऱ्या भागात. वनस्पतिज द्रव्यांवरील बहुतेक संशोधन याच साखळीतील एखादी कडी तोडण्याच्या हेतूने झालेले आहे.

रुग्णाच्या अवस्थेचे मोजमाप एकसारखे नसेल, तर औषधाचा गुण ठरविता येत नाही. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये बेशुद्धीची खोली मोजणारी ग्लासगो श्रेणी मांडली. पुढील वर्षी जेनेट व मायकेल बाँड यांनी अखेरच्या परिणामाची श्रेणी तयार केली. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या संगणकीय छेदचित्रण यंत्राने १९७१ मध्ये लंडन येथे पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले होते. या साधनांमुळे निरनिराळ्या देशांतील रुग्णांची तुलना शक्य झाली व औषधांच्या मोठ्या चाचण्यांचा मार्ग मोकळा झाला.

अफू व तिचा धडा : वनस्पतिज द्रव्याने डोक्याच्या जखमेत अपायही होऊ शकतो, हे शल्यचिकित्सकांना अफूवरून फार पूर्वी उमगले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधविक्रेते फ्रीड्रिख झेर्टुर्नर यांनी अफूपासून मॉर्फीन हे अल्कलॉइड वेगळे केले. ते उत्तम वेदनाशामक असले, तरी श्वसन मंद करते. त्यामुळे रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढून मेंदूतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात व कवटीतील दाब आणखी वाढतो. शिवाय मॉर्फीनने डोळ्याच्या बाहुल्या आकुंचन पावतात, तर वाढत्या दाबाने बहुधा एक बाहुली विस्फारते. धोक्याची ही खूण मॉर्फीनमुळे झाकली जाण्याचा संभव असतो. म्हणून कृत्रिम श्वसनाची सोय नसलेल्या काळात डोके जखमी झालेल्या रुग्णास मॉर्फीन देऊ नये, असा दंडक होता.

मॅनिटॉल : दक्षिण यूरोपात आढळणाऱ्या मॅना ॲश (लॅ. फ्रॅक्सिनस ऑर्नस; कुल-ओलिएसी) या वृक्षाच्या सालीला चिरा पाडल्यास गोड रस पाझरतो व वाळून त्याचे पांढुरके थर बनतात. या पदार्थास मॅना म्हणतात. सिसिलीत त्याचे उत्पादन शतकानुशतके होत आले असून सौम्य रेचक म्हणून तो वापरला जाई. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोझेफ प्रूस्त यांनी १८०६ मध्ये त्यापासून मॅनिटॉल ही शर्करा-अल्कोहॉल वेगळी केली. त्या वेळी तिचा मेंदूशी काही संबंध असेल, अशी शंकाही कोणास आली नव्हती.

हा संबंध भौतिकीतील एका तत्त्वामुळे जुळला. अमेरिकेत ल्यूइस वीड व पॉल मकिबेन यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले की, मांजरांच्या नीलेत संहत लवणविद्राव सोडल्यास मस्तिष्क-मेरुद्रवाचा दाब उतरतो व मेंदू आक्रसतो. पटलाच्या एका बाजूचा विद्राव अधिक संहत असला म्हणजे दुसऱ्या बाजूचे पाणी त्याकडे ओढले जाते. या क्रियेस तर्षण म्हणतात. मीठ, ग्लुकोज व १९५०–६० या दशकात यूरिया यांचा या कामी वापर झाला. पण ही द्रव्ये हळूहळू मेंदूत शिरत व मग पाण्याचा ओघ उलट फिरून सूज परत येई. मॅनिटॉलाच्या बाबतीत हा दोष कमी असतो. रक्त व मेंदू यांच्या दरम्यान सूक्ष्म केशवाहिन्यांच्या भित्तींचा जो अटकाव असतो—त्यास रक्त-मस्तिष्क रोध म्हणतात—तो शाबूत असल्यास मॅनिटॉल सहजी ओलांडत नाही. त्याचे शरीरात फारसे विघटनही होत नाही व ते मूत्रावाटे बाहेर पडते. अमेरिकेतील बी. एल. वाइज व एन. चेटर यांनी १९६२ मध्ये त्याच्या उपयुक्ततेविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि अल्पावधीत हे द्रव्य तंत्रिका शस्त्रक्रिया विभागांतील नित्याचे औषध बनले. रुग्णाच्या वजनाच्या दर किग्रॅ.ला सु. ०·२५ ते १ ग्रॅ. या प्रमाणात ते नीलेतून देतात. जगात आज वापरले जाणारे मॅनिटॉल झाडाच्या रसापासून नव्हे, तर शर्करेच्या हायड्रोजनीकरणाने कारखान्यांत तयार होते.

मॅनिटॉलाने वाढलेला दाब उतरतो, हे वारंवार मोजून सिद्ध झालेले आहे. त्यामुळे किती रुग्णांचे प्राण वाचतात, हा प्रश्न वेगळा असून त्याचे निर्णायक उत्तर मिळालेले नाही. अधिक मात्रेमुळे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळतात, असे सांगणाऱ्या तीन चाचण्या २००१ ते २००४ या काळात प्रसिद्ध झाल्या होत्या. तथापि त्या प्रत्यक्षात झाल्या तरी होत्या काय, असा संशय २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल मध्ये जाहीरपणे मांडण्यात आला. रक्तदाब घसरलेल्या किंवा वृक्क निकामी झालेल्या रुग्णास मॅनिटॉल घातक ठरू शकते. अर्थात, सर्वमान्य औषधालाही परीक्षा चुकलेली नाही.

कंदापासून स्टेरॉइडे : अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी १९४२–४३ मध्ये मेक्सिकोतील व्हेराक्रूझ भागातून डायोस्कोरिया प्रजातीतील रानकंद मिळविले. हे आपल्याकडील कोनफळ व कडू कारांदा यांचे जातभाई होत. त्यांतील डायोसजेनीन या द्रव्यापासून मार्कर यांनी सु. ३ किग्रॅ. प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन तयार केले. प्राण्यांच्या ग्रंथींपासून काही मिग्रॅ. मिळविण्यासाठी अपार खटपट करावी लागणाऱ्या त्या काळात हे प्रमाण थक्क करणारे होते. सोयाबीनमधील स्टेरॉलांपासूनही प्रोजेस्टेरॉन बनविता येऊ लागले. ड्युरी पीटरसन व हर्बर्ट मरी यांनी १९५२ मध्ये बुरशीच्या साहाय्याने प्रोजेस्टेरॉनात आवश्यक तो बदल घडवून कॉर्टिसोनाचा सुलभ मार्ग दाखविला. अशा रीतीने कंद व कडधान्य हा स्टेरॉइड औषधांच्या उद्योगाचा पाया बनला.

मेंदूतील अर्बुदांभोवती येणारी सूज स्टेरॉइडांनी झपाट्याने उतरते, हे १९६१ च्या सुमारास दिसून आले. मग डोक्याच्या जखमेतील सूजही तशीच उतरेल, या तर्काने ही औषधे तेथेही दिली जाऊ लागली. तर्क सरळ होता व वापर दशकानुदशके चालला. अखेर १०,००८ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिथिल प्रेडनिसोलोन दिलेल्यांपैकी २१·१% रुग्ण दोन आठवड्यांत मरण पावले होते. न दिलेल्यांत हे प्रमाण १७·९% होते. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे सु. तीन मृत्यू उपचारामुळे अधिक झाले होते. उपचार करणाऱ्या एकट्यादुकट्या चिकित्सकास हा फरक कधीही जाणवला नसता. कारण गंभीर जखमी रुग्ण दगावला म्हणजे त्याचे कारण जखमच मानले जाते.

प्रोजेस्टेरॉनाची कहाणी अधिक आशेने सुरू झाली. मेंदूला समान इजा केलेल्या उंदरांपैकी माद्यांना नरांपेक्षा कमी सूज येते, असे अमेरिकेतील डॉनल्ड स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले व त्याचा संबंध या हॉर्मोनाशी जोडण्यात आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या चाचणीत ७७ जणांना प्रोजेस्टेरॉन व २३ जणांना निष्क्रिय द्रव्य देण्यात आले होते. तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे १३% व सु. ३०% आढळले. वृत्तपत्रांनी त्याचे स्वागत केले. मात्र तुलनेचा गट अवघ्या २३ जणांचा असताना दोन-चार मृत्यूंच्या फरकानेही आकडे पालटतात. त्यानंतरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष डिसेंबर २०१४ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एकीत ८८२ रुग्णांनंतर, लाभ दिसण्याची आशा न उरल्यामुळे काम थांबविण्यात आले. तीत समाधानकारक सुधारणा प्रोजेस्टेरॉन गटात ५१·०% व दुसऱ्या गटात ५५·५% रुग्णांत झाली. दुसरीत १,१९५ रुग्ण होते व दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखेच लागले.

भांगेवरून सुचलेले औषध : इझ्राएलमध्ये राफाएल मेकूलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी भांगेतील (लॅ. कॅनाबिस सटायव्हा) द्रव्यांचा अभ्यास केला. १९६३ मध्ये कॅनाबिडिऑलाची संरचना व १९६४ मध्ये नशा आणणाऱ्या टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलाचे पृथक्करण ही या अभ्यासाची मोठी फळे होत. पुढे याच गटातील डेक्सॅनाबिनॉल हा संश्लेषित रेणू तयार करण्यात आला. नैसर्गिक द्रव्याच्या मानाने त्यातील अणूंची मांडणी आरशातील प्रतिमेप्रमाणे उलट असल्याने त्याने नशा येत नाही. मात्र ग्लुटामेटाची अनिष्ट क्रिया तो रोखतो. प्राण्यांवरील प्रयोग व एक लहान चाचणी उत्साहवर्धक ठरली. परंतु पंधरा देशांतील ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत—तीत इजेनंतर सहा तासांच्या आत औषध देण्यात आले होते—कोणताही लाभ दिसून आला नाही. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतील सु. निम्म्या रुग्णांची स्थिती असमाधानकारकच होती. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हळद व ब्राह्मी : हळदीतील (लॅ. कुर्कुमा लाँगा) कुर्कुमीन हे पिवळे द्रव्य १८१५ मध्ये फोगेल व पेल्त्ये यांनी वेगळे केले व १९१० मध्ये त्याची संरचना निश्चित झाली. २००६ मध्ये लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उंदरांना चार आठवडे कुर्कुमीनयुक्त आहार देऊन मग त्यांच्या मेंदूस इजा केली. अशा उंदरांत ऑक्सिडीकरणाची हानी कमी झाली व शिकण्याची क्षमता अधिक टिकली. या निष्कर्षाचा गवगवा झाला. पण औषध इजेच्या आधी दिलेले होते, हा तपशील मागे पडला. अपघाताच्या आधी महिनाभर औषध घेतलेला रुग्ण रुग्णालयात येत नाही.

दुसरी अडचण शोषणाची आहे. कुर्कुमीन आतड्यांतून फारच थोडे शोषले जाते व यकृतात लगेच रूपांतरित होते. १९९८ मध्ये बंगलोर येथील संशोधकांनी २ ग्रॅ. कुर्कुमीनाबरोबर मिऱ्यातील पिपेरीन हे अल्कलॉइड २० मिग्रॅ. दिले असता उपलब्धता सु. वीस पट वाढल्याचे दाखविले. तथापि मुळातील प्रमाण नगण्य असल्याने वीस पट वाढूनही ते अल्पच राहते. कुर्कुमीन अनेक प्रथिनांशी व चाचणी-रसायनांशी गुंतून परीक्षानळीतील निष्कर्ष फसवे करते, असा इशारा औषधी रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये विस्तृत परीक्षणान्ती दिला.

हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेलेले पेटंट, रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावरून १९९७ मध्ये रद्द झाले. त्या विजयाचा अर्थ नेमका समजून घेतला पाहिजे. हा उपयोग भारतात पूर्वापार ज्ञात होता, एवढेच त्यातून सिद्ध झाले. उपयोग जुना असणे व उपाय गुणकारी असणे या दोन स्वतंत्र गोष्टी होत. मेंदूच्या इजेविषयी तर त्या प्रकरणात काहीच नव्हते.

ब्राह्मीबाबत प्रथम ओळखीचाच घोटाळा आहे. या नावाने महाराष्ट्रात बहुधा कारिवणा (लॅ. सेंटेला एशियाटिका) ओळखला जातो, तर इतरत्र बॅकोपा मोनिएरी ही पाणथळ जागी वाढणारी वेगळ्या कुलातील वनस्पती. दोहोंतील सॅपोनिने भिन्न आहेत. बॅकोपातील बॅकोसाइडे लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत १९६०–७० या दशकात वेगळी करण्यात आली. काही आठवडे नियमित सेवनाने निरोगी व्यक्तींच्या स्मरणात थोडी सुधारणा झाल्याचे काही चाचण्यांत आढळले आहे. निरोगी माणसाची स्मृती व रक्तस्रावाने दबलेला मेंदू हे मात्र दोन वेगळे प्रश्न आहेत.

अपयशाची कारणे : वरील उदाहरणांत काही समान सूत्रे दिसतात. प्रयोगातील प्राणी एकाच वयाचे, एकाच वंशाचे व एकाच प्रकारे जखमी केलेले असतात. रुग्णांपैकी एकास रक्ताची गुठळी, दुसऱ्यास तंतूंची तूट व तिसऱ्यास दोन्ही असतात. प्राण्यास औषध आधी किंवा काही मिनिटांत मिळते. रुग्णाच्या बाबतीत वाटेतच तास जातात. अनेक वनस्पतिज द्रव्ये रक्त-मस्तिष्क रोध पुरेशा प्रमाणात ओलांडू शकत नाहीत. हानीच्या साखळीत अनेक कड्या असल्याने एक तोडली तरी बाकीच्या आपले काम करीत राहतात. लहान चाचण्यांत योगायोगाने दिसलेला लाभ मोठ्या चाचण्यांत टिकत नाही. मॅनिटॉल या अडचणींतून सुटले, कारण त्यास मेंदूत शिरावेच लागत नाही आणि त्याचा परिणाम दाबमापकावर तासाभरात वाचता येतो.

अपयशी चाचण्या व्यर्थ गेल्या, असा याचा अर्थ नाही. मिथिल प्रेडनिसोलोनाच्या चाचणीने एक रूढ व घातक उपचार बंद पाडला. तीत सहभागी झालेल्या रुग्णांचे ऋण नंतरच्या प्रत्येक रुग्णावर आहे. वनस्पतींपासून मॉर्फीन, क्विनीन व सर्पगंधेतील रेसर्पिन यांसारखी प्रभावी औषधे मिळालेली असल्याने, मेंदूच्या इजेवरही पुढेमागे असे द्रव्य हाती येण्याची शक्यता नाकारता येत नाही. मात्र ते वनस्पतीतून आले म्हणून निर्धोक किंवा परंपरेने सांगितले म्हणून सिद्ध, असे मानून चालणार नाही.

याचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. डोक्यास मार लागलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने पहिले काही तास निर्णायक असतात. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काढा, रस किंवा हळदीचे दूध घातल्यास ते श्वासनलिकेत उतरून जीव जाऊ शकतो. काही अर्क रक्त गोठण्याची क्रिया मंद करीत असल्याने रक्तस्राव वाढण्याचाही संभव असतो. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, रक्तदाब व ऑक्सिजन सांभाळणे, छेदचित्रण करणे व साकळलेले रक्त वेळेवर शस्त्रक्रियेने काढणे, यांवरच आजही मुख्य भर असतो. कोणत्याही वनस्पतिज द्रव्याला हा वेळ खर्ची घालण्याइतका पुरावा अद्याप मिळविता आलेला नाही.